स्टेपनी नसलेली गाडी

शाळेच्या वार्षिकात शिक्षकांनी कोणत्या विषयांवर लिहावे याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. शिस्त, वाचन, मातृभाषा, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर अशा विषयांवर आम्हीही या पानांतून यापूर्वी लिहिले आहे. आणि ते कितपत वाचले गेले याविषयी आमच्या मनात फारसा भ्रम नाही. यंदा मात्र मोटारीच्या टायरावर लिहिण्याचा प्रसंग आला आहे. कलाशाखेच्या पदवीधराने, त्यातही भाषेच्या शिक्षकाने, या विषयास हात घालावा याचे कोणास नवल वाटेल. परंतु त्याचा दोष आमच्याकडे नसून नववीच्या वर्गाकडे आहे.

झाले ते असे. मराठीत रुळलेल्या परकीय शब्दांचा पाठ चालला होता. चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे आमच्यासारख्या घरी कोंकणी बोलणाऱ्यास मोठ्या अभिमानाने सांगता येते. मग मुलांनी आपापले शब्द आणावेत असे ठरले, आणि एकाने ‘स्टेपनी’ हा शब्द आणला. हा शब्द कोठून आला हे त्यास ठाऊक नव्हते. आम्हांस सुदैवाने ठाऊक होते. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लानेली नावाचे गाव आहे. तेथे स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या काळी मोटारींबरोबर जादा चाक देण्याची पद्धत नव्हती. चाक बसले की भर रस्त्यात टायर उतरवावयाचा, ट्यूब जोडावयाची आणि पुन्हा हवा भरावयाची, हाच एक मार्ग होता. 1904 साली या रस्त्यावरील डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी आऱ्या नसलेले, हवा भरलेले असे एक जादा कडे तयार केले. ते बसलेल्या चाकाला बाजूने आवळून बांधावयाचे आणि पुढे निघावयाचे. त्यास त्यांनी आपल्या रस्त्याचे नाव दिले. ते कडे केव्हाच इतिहासजमा झाले, परंतु नाव मात्र हिंदुस्थानात घरोघर राहिले. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतही जादा चाकास जो शब्द आहे तो याच स्टेपनीपासून निघालेला आहे.

वर्ग खूश झाला. आम्हीही आमच्यावर थोडेसे खूश झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज आहे. तो म्हणाला, “बाई, आता काही गाड्यांना स्टेपनीच नसते. हवा गेली तरी चालणारे टायर असतात. ते चांगले की वाईट?”

घंटा झाली आणि आम्ही सुटलो. परंतु प्रश्न काही सुटला नाही. तो आमच्या मनात इतका घोळत राहिला याचे कारण असे की, त्याच्या दोन्ही बाजू आम्ही स्वतः, एकाच घाटात, दोन निरनिराळ्या रात्री अनुभवलेल्या होत्या. त्या मुलास द्यावयाचे उत्तर येथे देत आहोत.

प्रथम टायर म्हणजे काय ते पाहू. मोटारीचा भार टायर उचलतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो भार टायरातील हवा उचलते; रबर केवळ त्या हवेस कोंडून धरते. हे गणित शाळकरी मुलासही करता येण्याजोगे आहे. गाडीचे वजन 1200 किलो धरले तर प्रत्येक चाकावर सरासरी 300 किलो येतात. पंक्चरवाला ज्यास बत्तीस पौंड हवा म्हणतो ती म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोचा दाब. 300 ला सव्वादोनाने भागले की सुमारे 133 चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डाएवढी जागा. एवढ्याशा चार पोस्टकार्डांवर आपण कुटुंबकबिल्यासह घाट उतरत असतो. हे कळल्यापासून आम्ही वळणावर जरा अधिक सावकाश गाडी हाकतो.

हवा निघून गेली की या व्यवस्थेचा आधारच जातो. टायरच्या बाजू मऊ असतात. त्या दुमडतात, लोखंडी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरल्या जातात, घासून तापतात, आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. वेग अधिक असला तर टायरची कडा रिमवरून निसटते आणि गाडी चालकाच्या हाती राहत नाही. रन-फ्लॅट म्हणून जे टायर मिळतात त्यांची युक्ती या बाजूंमध्येच आहे. आतल्या अंगाने, उष्णता सोसणाऱ्या रबराची जाड भर घालून त्या बाजू इतक्या भक्कम केलेल्या असतात की हवा गेली तरी त्या उभ्या राहतात व गाडीचा भार काही काळ पेलतात. साधा टायर तंबूसारखा आहे. ताण गेला की भुईसपाट. हा टायर मांडवासारखा आहे. छप्पर फाटले तरी खांब उभे असतात. मात्र त्यालाही सीमा आहे. बहुतेक कारखाने ताशी 80 किलोमीटरच्या आत वेग ठेवून 80 किलोमीटर अंतर जाण्याची हमी देतात. गाडीत माणसे व सामान जास्त असले, रस्ता खराब असला किंवा ऊन कडक असले की हे अंतरही घटते.

ही कल्पना आजची नव्हे. डनलॉप कंपनीने ‘डेनोव्हो’ नावाचा असा टायर 1973 च्या सुमारास रोव्हर गाडीसाठी काढला होता. त्याच्या आत द्रवाच्या लहान कुप्या असत. हवा गेली की त्या फुटत आणि तो द्रव टायरच्या आत पसरून घर्षण कमी करी व भोकही बुजवी. पुढे मिशेलिन कंपनीने ‘पॅक्स’ नावाची योजना काढली. तीत टायरच्या आत रिमभोवती एक आधाराचे कडेच असे. होंडाच्या अमेरिकेतील एका कुटुंबवाहू गाडीपासून रोल्स-रॉइसपर्यंत अनेक गाड्यांना ती बसविली गेली. या दोन्ही योजना आज मागे पडल्या आहेत. आश्चर्य असे की, त्या रस्त्यावर नापास झाल्या नाहीत. हवा गेल्यावर चालण्याचे काम त्यांनी चोख केले. त्या नापास झाल्या त्या दुकानात. पॅक्सला रिमच वेगळी लागे, टायर उतरविण्यास खास यंत्र लागे, आणि ते यंत्र असलेले दुकान गावोगाव नसे. जी गाडी पंक्चर होऊनही थांबत नव्हती ती पंक्चर काढून घेण्यासाठी मात्र ताटकळत उभी राही. आज जो प्रकार सर्वत्र दिसतो तो जाड बाजूंचा. तो साध्या रिमवर बसतो म्हणून टिकला. 1997 सालच्या अमेरिकन कॉर्व्हेट गाडीला तर मुळात स्टेपनीसाठी जागाच ठेवलेली नव्हती. पुढे जर्मन गाड्यांनी हा प्रकार उचलला आणि त्यांच्याबरोबर तो आपल्याकडे आला.

आता आमच्या घाटाकडे येतो.

बेळगावहून गोव्यास जाणाऱ्यांस चोर्ल्याचा घाट माहीत आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि मग खाली सत्तरीतील केरी. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे आणि पावसाळ्यात तेथे आकाशच उगम पावते की काय असे वाटते. आमचे माहेर सत्तरीत असल्यामुळे हा रस्ता आमच्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा, आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही आमच्या लहानशा गाडीने एकट्याच निघालो. कणकुंबी मागे टाकल्यावर एका खड्ड्यातील धारदार दगडाने पुढचे डावे चाक कापले. संध्याकाळचे सहा वाजले होते, परंतु ढगांमुळे नऊ वाजल्यासारखे वाटत होते. मोबाइल हातात होता, पण त्यास रेंज नव्हती.

स्टेपनी होती. जॅक होता. पाना होता. आणि चाक बदलण्याची रीत आम्हांस पुस्तकाप्रमाणे पाठ होती. तरीही चाक निघाले नाही. कारण ज्या कार्यशाळेत आधल्या महिन्यात चाकांची अदलाबदल केली होती तेथील मुलाने हवेच्या बंदुकीने नट इतके आवळले होते की गाडीबरोबर मिळालेल्या हातभर पान्याने ते हलेनात. आम्ही पान्यावर दोन्ही पाय देऊन उभ्या राहिलो. पाना वाकला, नट जागचा हलला नाही. पायांवर जळवा चढल्या. सुमारे पाऊण तास असा गेला. मग मागून एक ट्रक आला, पुढे जाऊन थांबला आणि त्यातून दोघे जण उतरून आमच्याकडे येऊ लागले.

ते दोघे सज्जन होते. त्यांनी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली, चार झटक्यांत चारही नट सैल केले, आमची स्टेपनी चढविली, तीत हवा जेमतेम अठरा पौंड आहे म्हणून आम्हांस दोन समजुतीचे शब्द सुनावले, पैसे घेतले नाहीत, आणि आईसाठी नेत असलेल्या कुंद्याच्या दोन डब्यांपैकी एक फार आग्रह केल्यावर घेतला. परंतु ते सज्जन आहेत हे ट्रकमधून उतरताना त्यांच्या कपाळावर लिहिलेले नव्हते. ते चालत येत असतानाची ती दोन मिनिटे आम्ही गाडीच्या दाराची कडी हातात धरून उभ्या होतो. रन-फ्लॅट टायरांचे गुणदोष मांडणाऱ्या पुष्कळ लेखांत किंमत, मायलेज, आवाज यांचे हिशेब असतात. या दोन मिनिटांचा हिशेब कोणी मांडीत नाही. तो मांडावयाचा झाल्यास ज्यांस मांडता येईल अशांपैकी आम्ही एक आहोत, एवढेच.

दुसरी रात्र त्याच्या पुढल्या वर्षीची. आमचे थोरले बंधू पुण्याहून बेळगावास आले होते. त्यांची गाडी परदेशी बनावटीची, रन-फ्लॅट टायरांची, अर्थात् स्टेपनीविना. रात्री अकरा वाजता गावाहून फोन आला की आई न्हाणीघरात पडली, उठता येत नाही. आम्ही दोघे तसेच निघालो. जांबोटीच्या अलीकडेच गाडीच्या समोरील फलकावर पिवळा दिवा लागला: मागच्या उजव्या चाकात हवा नाही. बंधूंनी वेग कमी केला, एवढेच. गाडी एका बाजूस किंचित जड झाल्यासारखी वाटली. बाकी काही कळले नाही. आदल्या वर्षी जेथे आम्ही पाऊण तास पावसात उभ्या होतो ती जागा आम्ही गाडीत बसून, काचा वर करून, मागे टाकली. घाट उतरलो, घरी पोहोचलो, शेजाऱ्यांच्या गाडीतून आईला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेले. मांडीचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आज ती काठी घेऊन हिंडते. त्या रात्री चाक बदलीत बसावे लागले असते तर काय झाले असते या विचारात आम्ही शिरत नाही.

येथे लेख संपविला असता तर उत्तर सोपे होते. परंतु गाडीची कथा दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाली.

साखळीच्या एका पंक्चरवाल्यास बोलावून आणले. हे गृहस्थ केरळातून येऊन आमच्या भागात वीस वर्षे स्थायिक झालेले. आमच्याहून शुद्ध कोंकणी बोलतात. त्यांनी चाक काढले, त्यात रुतलेला दोन इंच लांबीचा खिळा काढून आमच्या हातावर ठेवला. भोक एवढेसे! साध्या ट्यूबलेस टायरात त्यांनी रबराची चिकट दोरी ओवून दहा मिनिटांत गाडी वाटेला लावली असती. परंतु त्यांनी हात आखडता घेतला. ते म्हणाले, “भोक बुजवीन, पण हा टायर हवा नसताना पन्नास किलोमीटर चालला आहे. आतली भिंत भाजली आहे की नाही हे मला दिसत नाही, आणि जे मला दिसत नाही त्यावर तुम्हांला घाटात पाठवणार नाही.” त्यांचे म्हणणे रास्त होते. बहुतेक कारखाने हेच सांगतात: हवेविना चाललेला रन-फ्लॅट टायर दुरुस्त करू नये, कारण आतील इजा बाहेरून ओळखता येत नाही. दोन रुपयांच्या खिळ्याने आख्खा टायर गेला.

नवा टायर त्या मापाचा ना पणजीस मिळाला, ना बेळगावास. तो पुण्याहून मागवावा लागला. गाडी सहा दिवस आमच्या अंगणात फणसाच्या झाडाखाली उभी राहिली, तीवर कोंबड्या बसू लागल्या, आणि आमचे बंधू कदंबच्या बसने रुग्णालयात ये-जा करीत राहिले. टायरची किंमत आली तेव्हा ती आमच्या निम्म्या महिन्याच्या पगारावर होती. बंधू काही बोलले नाहीत. परंतु डिक्की उघडून, जेथे स्टेपनी असावयास पाहिजे होती त्या जागेकडे ते बराच वेळ पाहत होते, हे आम्ही पाहिले.

या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. रन-फ्लॅट टायर पंक्चर टाळीत नाही. तो पंक्चर पुढे ढकलतो. तो आपल्याला 80 किलोमीटर उसने देतो. उसनवारीचा उपयोग किती, हे ती फेडण्याची सोय कोठे आहे यावर ठरते. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत संबंध गोवा सुमारे 105 किलोमीटर लांब. बेळगावहून पणजी शंभरावर थोडी. तेव्हा या टापूत पंक्चर कोठेही होवो, 80 किलोमीटरांत माणूस उजेडात, वस्तीत, बहुधा स्वतःच्या घरी पोहोचतो. माणूस पोहोचतो, हे खरे. पण टायर मात्र 80 किलोमीटरांत मिळेलच असे नाही. बेळगावहून पुणे सुमारे 340 आणि बंगळूर सुमारे 500 किलोमीटर आहे. जर्मनीसारख्या देशात, जेथे गुळगुळीत महामार्गावर ताशी दीडशेच्या वेगाने गाड्या धावतात आणि प्रत्येक शहरात हवा तो टायर मिळतो, तेथे हे उसने दुसऱ्या दिवशी सकाळी फिटते. तेथे टायर एकाएकी फुटला तर गाडी ताब्यात राहणे हाच मुळी मोठा लाभ, आणि महामार्गाच्या कडेला वाहनांच्या लोंढ्यात चाक बदलीत बसण्यापेक्षा पुढे जाणे शहाणपणाचे. त्या लोकांनी त्या रस्त्यांसाठी केलेली ती योजना आहे. आमच्या खड्ड्यांचा विचार तीत नसावा, यात त्यांचा दोष नाही.

खड्ड्यांचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगून टाकतो. जाड बाजूंचा टायर कडक असतो; तो रस्त्याचा धक्का स्वतः न गिळता वर पाठवितो. जांबोटीच्या पुढच्या रस्त्यावर त्या गाडीत बसणे म्हणजे लाकडी बाकावर बसणे होते. शिवाय हे टायर वजनाने जड असतात, आणि चाकाचे वजन वाढले की इंधन थोडे अधिक जळते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. या टायराची सारी मदार बाजूंच्या भिंतीवर आहे. ज्या दगडाने आमच्या लहान गाडीच्या टायरची कूस कापली तसा दगड त्याच जागी लागून ती भिंतच फाटली तर रन-फ्लॅट टायरही उभा राहत नाही. आणि मग गाडीत स्टेपनीही नसते. खिळ्यापुढे तो शूर आहे. आमच्या घाटात खिळ्यांपेक्षा दगड जास्त.

त्यातल्या त्यात एक भाग निर्विवाद चांगला आहे, आणि तो टायराचा नाही. हवा गेल्यावरही गाडी सुरळीत चालत असल्यामुळे चालकास ते कळावे कसे? म्हणून अशा गाड्यांत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा असावीच लागते. काही गाड्यांत चाकाच्या आत दाब मोजणारे उपकरण असते. काहींत हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित लहान होऊन ते इतरांपेक्षा जलद फिरू लागते, तो फरक ओळखून दिवा लागतो. दुसरी युक्ती आम्हांस विशेष आवडली. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी परीक्षेत घालावी अशी आहे. ही यंत्रणा साध्या टायरांच्या गाडीतही बसविता येते. अचानक गेलेल्या हवेपेक्षा आठवडाभर हळूहळू जाणारी हवा अधिक टायर खाते, आणि ती डोळ्यांनी क्वचितच दिसते. पंक्चर झालेला खिळा दिसायला तीन दिवस लागतात. दिवा तो पहिल्याच दिवशी दाखवितो.

मधला मार्ग म्हणून आणखी एका प्रकारचे टायर निघाले आहेत. त्यांच्या आतील बाजूस चिकट लेप असतो. तळव्यात खिळा शिरला की तो लेप भोकाभोवती बसतो, आणि सुमारे पाच मिलिमीटरपर्यंतचे भोक आपोआप बुजते. बसणे-उठणे मऊ राहते. परंतु कूस कापली गेली तर याचाही उपयोग नाही.

आमच्या मनास खरी टोचणी आहे ती वेगळीच. 2020 साली केंद्र सरकारने नियमांत बदल करून असे ठरविले की साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य दिले असेल तर स्टेपनी देण्याची सक्ती राहणार नाही. त्यामागील युक्तिवाद वाचल्यास चुकीचा वाटत नाही: जागा वाचते, वजन वाचते, विजेच्या गाडीत तेथे बॅटरी बसते. परंतु हळूहळू असे होत आहे की, रन-फ्लॅट टायरही नाही आणि स्टेपनीही नाही, अशा गाड्या रस्त्यावर येत आहेत. त्यांच्यात आहे ती केवळ एक द्रवाची बाटली आणि हवेचा लहान पंप. खिळ्याच्या भोकास ती बाटली पुरेल. कापलेल्या कुशीपुढे ती बाटली घेऊन चोर्ल्याच्या घाटात उभे राहिलेल्या माणसाचे चित्र आम्हांस स्वच्छ दिसते, कारण त्या जागी आम्ही उभ्या होतो. स्टेपनी काढून घेताना तिच्या बदल्यात काय दिले, हा प्रश्न गाडी घेताना प्रत्येकाने विक्रेत्यास विचारला पाहिजे, आणि त्याने डिक्कीचे झाकण उघडून दाखवीपर्यंत उठू नये.

तर मग त्या मुलाच्या प्रश्नास आमचे उत्तर काय? ज्यांस चाक बदलणे शरीराने शक्य नाही, जे वृद्ध आहेत, अपंग आहेत, जे रात्री-अपरात्री एकटे जातात आणि ज्यांस खिशाची काळजी नाही, त्यांनी हे टायर जरूर घ्यावेत. वैद्य, सुईणी, रुग्णवाहिका यांस तर ते मिळावेत असेच आम्ही म्हणू. त्या रात्री आमच्या आईजवळ आम्हांस त्या टायरांनी वेळेवर नेले. त्यांची निंदा आमच्या तोंडी शोभणार नाही. परंतु चार माणसांच्या कुटुंबाची, हप्त्यांवर घेतलेली, बेळगाव-गोवा रस्त्यावर वर्षाला दहा-वीस फेऱ्या करणारी गाडी असेल, तर तिला आम्ही साधे टायर, दाबाचा दिवा आणि पुऱ्या मापाची स्टेपनी सुचवू. आमचे हे मत बंधूंस मान्य नाही. त्यांनी पुन्हा रन-फ्लॅट टायरच घेतले. ते म्हणतात, सहा दिवस कोंबड्या बसल्या तर बसल्या, आई वाचली. यावर आम्हांस उत्तर सुचलेले नाही.

मात्र साध्या टायरांचा पक्ष घेणाऱ्यावर एक जबाबदारी येते. स्टेपनी आहे पण ती चढविता येत नाही, तर ती नसल्यासारखीच. पान्यावर दोन्ही पाय देऊन उभ्या असताना आम्हांस हे कळले. म्हणून त्या मुलाच्या वडिलांस आम्ही भेटलो. गणेशोत्सवाच्या सुटीनंतरच्या शनिवारी ते आपली एक जुनी गाडी शाळेच्या मैदानावर आणणार आहेत. नववी व दहावीच्या सर्व मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, एकेकदा चाक उतरवून चढवावयाचे आहे: गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, समोरच्या चाकास दगड, नट आधी सैल आणि मगच जॅक. हात काळे होतील, तेव्हा जुने कपडे आणावेत. शिक्षकांसही मुभा आहे. आमचे नाव यादीत पहिले आहे.

आमच्या गाडीच्या डिक्कीत आता हातभर लांबीची एक लोखंडी नळी असते. घाटात निघण्यापूर्वी आम्ही पाचही चाकांची हवा पाहतो. खानापूर रस्त्यावरील आमचा हवावाला चार चाके झाली की नळी गुंडाळू लागतो, आणि दर वेळी आम्हांस डिक्की उघडून त्यास सांगावे लागते, “अजून एक आहे.”